लिंकन, गुलामगिरी आणि दोन मतांचं अंतर

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) अब्राहम लिंकन यांनी गुलामगिरी मोडून काढली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरंच आहे. पण ती कशी मोडली, याबद्दल काही सोप्या समजुती मनात घर करून बसल्या आहेत. त्यांच्यामागे खरा संघर्ष झाकला जातो.

गैरसमज : १८६३ च्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त झाले.

वस्तुस्थिती : १८६० साली देशात सुमारे ३९.५ लाख गुलाम होते. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा लिंकन यांनी सरसेनापतीच्या अधिकारात काढला, त्यामुळे तो दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरताच होता. संघराज्यात टिकून राहिलेली केंटकी, मिसूरी, मेरिलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं त्यातून वगळली होती. तरीही त्याचं मोल मोठं होतं. फौज पुढे सरकेल तिथले गुलाम मुक्त होत गेले आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली. मात्र युद्ध संपल्यावर न्यायालयात तो टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून राज्यघटनाच बदलणं भाग होतं.

गैरसमज : लिंकन यांना फक्त देश एकसंध ठेवायचा होता.

वस्तुस्थिती : यासाठी २२ ऑगस्ट १८६२ रोजी त्यांनी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या पत्राचा दाखला देतात. पण त्याआधी महिनाभर, २२ जुलैलाच, मुक्तीचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळापुढे वाचला होता. आधी रणांगणावर एखादा विजय मिळू द्या, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी दिला. सप्टेंबरात अँटीटमला बंडखोरांची चढाई रोखली गेली आणि पाच दिवसांत घोषणा झाली. मुक्त झालेल्यांना परदेशात वसवण्याची कल्पना लिंकन यांनी बराच काळ उचलून धरली होती, हेही सांगितलंच पाहिजे. पण १८६४ च्या उन्हाळ्यात निवडणूक हातची जाईल असं दिसत असतानाही त्यांनी मुक्तीचा शब्द फिरवला नाही.

गैरसमज : युद्ध जिंकत आल्यावर घटनादुरुस्ती सहज मंजूर झाली.

वस्तुस्थिती : गुलामगिरी बंद करणारी ही तेरावी दुरुस्ती सिनेटने एप्रिल १८६४ मध्ये मंजूर केली, पण जूनमध्ये प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. नोव्हेंबरात पुन्हा निवडून आल्यावर लिंकन यांनी नव्या सभागृहाची वाट न पाहता जुन्याच सदस्यांना गाठलं. मिसूरीचे जेम्स रोलिन्स स्वतः गुलाम बाळगून होते आणि जूनमध्ये त्यांनी विरोधात मत दिलं होतं. लिंकन यांनी त्यांना बोलावून घेतलं, समजावलं आणि त्यांचं मत वळवलं. ३१ जानेवारी १८६५ ला ऐन मतदानाच्या दिवशी बंडखोरांचे शांततेचे दूत येत असल्याची आवई उठली आणि काठावरचे सदस्य चलबिचल झाले. आपल्या माहितीप्रमाणे असे दूत शहरात नाहीत आणि येण्याचीही शक्यता नाही, अशी चिठ्ठी लिंकन यांनी पाठवली. दूत वॉशिंग्टनला नव्हे, व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला येत होते. त्यामुळे चिठ्ठी शब्दशः खरी होती. बाजूने ११९ आणि विरोधात ५६ मतं पडली. गरज ११७ मतांची होती.

गैरसमज : मुक्ती हे वरून मिळालेलं दान होतं.

वस्तुस्थिती : मे १८६१ मध्ये, जाहीरनामा निघण्याच्या कितीतरी आधी, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम रातोरात होडीतून याच फोर्ट मन्रोला पोहोचले. तिथले संघराज्याचे जनरल बटलर यांनी त्यांना मालकाच्या ताब्यात परत देण्यास नकार दिला. मग हजारोंनी तीच वाट धरली. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात लढले. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे स्वतः गुलामी भोगलेले नेते सरकारला स्वस्थ बसू देत नव्हते. घटनादुरुस्तीसाठी स्त्रियांच्या संघटनेने लाखो सह्या गोळा केल्या.

गैरसमज : तेराव्या दुरुस्तीने प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : पुरेशा राज्यांची मान्यता ६ डिसेंबर १८६५ ला मिळाली, तोवर लिंकन यांची हत्या होऊन आठ महिने होत आले होते. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला दुरुस्तीत मुभा राहिली. दक्षिणेत तिचा आधार घेऊन कृष्णवर्णीय कैदी भाड्याने कामाला जुंपले गेले. केंटकीने दुरुस्तीला मान्यता दिली ती थेट १९७६ मध्ये.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. लिंकन यांचं श्रेय कमी न करता आपणही हा इतिहास तसाच वाचावा. पळून आलेले तिघे, सह्या गोळा करणाऱ्या स्त्रिया, मत बदलणारा गुलाममालक आणि चिवट राष्ट्राध्यक्ष, या सगळ्यांनी मिळून तो घडवला आहे.