कानठळ्यांचं गणित

● मर्यादा : अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनुसार ८ तासांच्या पाळीला ८५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा : ८८ ला ४ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

● उड्डाण डेक : विमानवाहू नौकेवरून जेट झेपावताना जवळचा आवाज १४० डेसिबलच्याही वर.

● दुहेरी बचाव : कानात फोमचे बोळे, वर इअरमफ. पण दोन्हींची बेरीज होत नाही. दुसऱ्या थराची भर साधारण ५ ते १० डेसिबल. शिवाय कवटीच्या हाडांतूनही आवाज आत पोचतोच.

● मुळावर उपाय : यंत्राखाली कंपशोषक बैठका, भोवती ध्वनिरोधक आवरण.

● का जपायचं : आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.