अंतर थोडें, वाट बिकट

दक्षिण अमेरिकेंतील मेंडोसा हें आर्जेंटिनाचें शहर व चिलीची राजधानी सांतियागो यांमधील सरळ अंतर अवघें सुमारें २०० किलोमीटर. विमान तें तासाभराच्या आंत कापतें. परंतु मध्यें अँडीज पर्वत उभा आहे. १९७२ च्या ऑक्टोबरांत उरुग्वेच्या एका विमानानें, हा पर्वत थेट ओलांडणें धोक्याचें म्हणून, दक्षिणेकडील प्लांचोन खिंडीची वाट धरली. खिंडीपासून कुरिको शहर ११ मिनिटांवर. ढगांमुळें खालचें कांहीं दिसेना. वैमानिकांनीं ३ मिनिटांतच कुरिको आल्याचें कळविलें, ते उत्तरेस वळले, आणि विमान डोंगरावर आदळलें. ४५ जणांपैकीं १६ जण तेवढे ७२ दिवसांनीं वांचून परतले. वर्गांत आम्ही मुलांकडून अंतरें घोकून घेत असूं. त्यांजबरोबर वाटेंतील पर्वतही शिकवावयास हवा होता, असें आज वाटतें.