दोन सेंटिमीटरांचा खर्ज

ऐका रे पोरांनो. आज ज्याची गोष्ट सांगतोय तो माणूस साडेसहा फुटांच्या आसपास उंच होता. नाव जॉन डॅनियल सम्नर, पण सगळे त्याला जे. डी. म्हणत. जन्म १९२४ चा, फ्लोरिडातल्या लेकलंडचा. अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया या पट्ट्यात, चौघे पुरुष मिळून ख्रिस्ती भक्तिगीतं गातात. त्यांना सदर्न गॉस्पेल क्वार्टेट म्हणतात. एक टेनर, तो उंच पट्टीतला. दुसरा लीड, त्याच्याकडे गाण्याची चाल. मधली जागा भरणारा बॅरिटोन. आणि सगळ्यांत तळाशी बेस, म्हणजे खर्ज सांभाळणारा गडी. भक्ती होतीच, पण हे चौघे रस्त्याला लागले ते धंद्यापायी. लॉरेन्सबर्गच्या जेम्स व्हॉन नावाच्या प्रकाशकाने आपली गाण्यांची पुस्तकं खपावीत म्हणून १९१० मध्ये पगारी चौकडी गावोगाव पाठवली, आणि तिथून ही प्रथा रुजली.

१९५४ च्या जून महिन्यात अलाबामातल्या क्लँटनला ब्लॅकवूड ब्रदर्स या नामांकित क्वार्टेटचं विमान पडलं. त्यात त्यांचा बेस गायक बिल लाइल्स गेला. त्याच्या जागी सम्नर आला. मेम्फिसमध्ये त्यांचे रात्र-रात्र जलसे चालत. तिथे एक पोरगा घुटमळायचा. तिकिटाला पैसे नसले की सम्नर त्याला मागच्या दाराने आत घ्यायचा, असं तो स्वतःच सांगायचा. पोराचं नाव एल्विस प्रेस्ली. पुढे १९७१ पासून हाच सम्नर आपली स्टॅम्प्स क्वार्टेट घेऊन एल्विसच्या मागे उभा राहून गायला. १९७७ मध्ये एल्विसचं ‘वे डाउन’ नावाचं गाणं आलं. त्याच्या शेवटी सम्नरचा आवाज घसरत घसरत जिथे टेकतो तो स्वर पियानोवर शोधायचा असेल तर अगदी डाव्या टोकाकडून तिसरी पांढरी पट्टी दाबा. सेकंदाला सुमारे तेहतीस कंपनं. आपला कान वीसच्या खाली काही ऐकत नाही, म्हणजे तळ जवळच आला म्हणायचा.

आता खरी गंमत. चर्चमधल्या ऑर्गनला हाच स्वर काढायचा तर सोळा फूट लांबीची उघडी नळी लागते. हवेतल्या त्याच्या एका लाटेची लांबी साडेदहा मीटर भरते. आणि सम्नरच्या गळ्यात काय होतं? तुमच्या-माझ्यासारख्याच दोन स्वरतंतूंच्या घड्या. मोठ्या पुरुषात त्या साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर लांब असतात. साडेसहा फुटी देह इथे फारसा उपयोगी नाही. ठेंगणे बेस आणि उंच टेनर हवे तेवढे सापडतात.

दादाचा आवाज गेल्या वर्षी फुटला, आठवतंय ना? मुलगा वयात आला की टेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाने स्वरयंत्राची कूर्चा पुढे वाढते, कंठमणी दिसू लागतो आणि आतल्या घड्या लांब नि जाड होतात. तंबोऱ्याची खर्जाची तार बघा, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत सैल. गळ्याचंही गणित तेच आहे. वस्तुमान जास्त, ताण कमी, की कंपनं मंद. फुप्फुसातली हवा या घड्या उघडते, त्या आपल्या लवचीकपणाने पुन्हा मिटतात. पुरुष बोलताना हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडतं.

पण शंभरावरून तेहतिसावर यायचं कसं? उद्या सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, ‘आ’ म्हणत आवाज खाली खाली न्या. रात्रभरात घड्या किंचित सुजून सैलावलेल्या असतात, म्हणून पहाटे गळा सगळ्यांत खाली जातो. आपले धृपदिये खर्जाचा रियाज पहाटे करतात तो काही उगाच नाही. तर, उतरता उतरता एका जागी सलग स्वर तुटेल आणि नुसती टकटक उरेल. तिथे घड्या आखूड, जाड आणि पार ढिल्या झालेल्या असतात. बहुतेक वेळ त्या मिटलेल्याच असतात, मधूनच हवेचा एक इवलासा झोत सुटतो. सेकंदाला साधारण सत्तरच्या खाली गेलं की हे झोत सुटे सुटे ऐकू येऊ लागतात. तुम्हाला तिथे नुसती कुरकुर जमेल. सम्नरसारखा माणूस तीच कुरकुर घोटून तिचा स्वर करतो.

हा आवाज फार क्षीण असतो बरं का! पहिल्या बाकावर तरी पोचेल की नाही शंका. म्हणून मला वाटतं, या खर्जाचा अर्धा मान मायक्रोफोनला द्यायला हवा. बेस गायक माइक अगदी ओठाला लावून गातो, ते नुसत्या सवयीने नाही. स्टेजवरच्या माइकमध्ये आवाज पुढून शिरतो तसा मागूनही शिरतो, आणि माइक दोन्हींतला फरक टिपतो. ओठ पार चिकटले की पुढून येणारा जोर मागच्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो, आणि त्याचा लाभ सगळ्यांत जास्त मिळतो तो खालच्या स्वरांना. माइक वीतभर लांब धरा, निम्मा दरारा गळून पडेल.

उरलेल्या मानातला थोडा तुमच्या कानाचा. आजीच्या मोबाइलवर ते ‘वे डाउन’ लावा. त्या टीचभर स्पीकरातून तेहतीस कंपनांचा स्वर बाहेर पडणं शक्यच नाही. तरी आवाज खोलच वाटतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. फोन त्यांतले वरचेच तेवढे पोचवतो. मेंदू त्यांच्यामधलं अंतर मोजतो आणि गळालेला तळाचा स्वर स्वतःच भरून काढतो.

याच्याही खाली जाता येतं का? टिम स्टॉर्म्स नावाच्या अमेरिकन गायकाच्या नावावर २०१२ चा गिनीज विक्रम आहे, ०.१८९ हर्ट्झ. म्हणजे एका कंपनानंतर दुसरं यायला पाच सेकंदांहून जास्त. यंत्राने ते मोजलं, ठीक आहे. मी त्याला गाणं म्हणणार नाही. ते ऐकायला श्रोता कुठून आणायचा?

हत्ती मात्र माणसाच्या कानाखालच्या स्वरात खरोखर बोलतात. १९८४ मध्ये केटी पेन ही बाई पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपाशी उभी होती. कानाला काही नाही, पण हवा थरथरल्यासारखी वाटत होती. तिला आठवलं, लहानपणी चर्चमध्ये गाताना ऑर्गनच्या मोठ्या नळीजवळ उभं राहिलं की असंच व्हायचं. मग ध्वनिमुद्रण करून पाहिलं तर हत्तींच्या गप्पा चालल्या होत्या! पुढे शास्त्रज्ञांनी मेलेल्या हत्तीच्या स्वरयंत्रातून हवा फुंकून पाहिली. घड्या दहाएक सेंटिमीटरांच्या, पण उघडमिटीची तऱ्हा सम्नरचीच. आणि आठ किलोचा कोआला? तो तर हत्तीच्या पट्टीत डुरकतो. त्याला स्वरयंत्राच्या बाहेर, टाळूमागे, घड्यांची एक जादा जोडीच आहे. २०१३ पर्यंत ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

विक्रमांचं राहू द्या. क्वार्टेटमधला बेस रोज उठून तळाची पट्टी गाठत नाही. त्याचं नेहमीचं काम म्हणजे खणखणीत छातीच्या आवाजात ठेका धरायचा, बाकी तिघे थांबले की मधल्या फटीत उतरती तान टाकायची आणि लोकांना हसवायचं. कॅथेड्रल्स क्वार्टेटचा जॉर्ज यंस यात पटाईत होता. आणि रिचर्ड स्टर्बन. तो सम्नरच्या हाताखाली स्टॅम्प्समध्ये होता, एल्विसच्या मागे गात होता. १९७२ मध्ये ती चालती गाडी सोडून तो ओक रिज बॉइजमध्ये गेला. नऊ वर्षांनी त्यांचं ‘एल्व्हायरा’ आलं, आणि अमेरिकेतली पोरंसोरं गाण्याचे शब्द विसरून स्टर्बनच्या वाट्याची काही अर्थ नसलेली बोबडी अक्षरं तेवढी घोकत सुटली.