जगबुडीकाठची वाट: कशी घालावी, कशी वापरावी

नदीकाठाने चालण्या-सायकलीसाठी पक्की वाट घालायची म्हटली की चर्चा बहुधा फरशी, दिवे आणि बाकडी यांपासून सुरू होते. कोकणात ती पाण्यापासून सुरू करावी लागते. खेडच्या जगबुडीचा काठ डोळ्यांपुढे ठेवून हे समजून घेऊ. इथली नदी वर्षातले चार महिने एका स्वभावाची असते आणि उरलेले आठ महिने अगदी दुसऱ्या. वाट आखणाऱ्याला आणि तीवरून रोज चालणाऱ्याला, दोघांनाही हे दोन्ही स्वभाव ठाऊक हवेत.

खेडहून सह्याद्रीचा कडा सरळ रेषेत जेमतेम पंचवीसएक किलोमीटर आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. घाटाच्या पोटात रात्री झालेला मुसळधार पाऊस काही तासांतच शहराशेजारून वाहू लागतो. खेडपाशी नारंगी नदीही जगबुडीला मिळते. पुढे जगबुडी वाशिष्ठीत जाते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला. पूर्वी दाभोळ-अंजनवेलहून हलक्या होड्या खेडपर्यंत चढत असत, इतका या पाण्याचा समुद्राशी जवळचा संबंध.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या अहवालात जगबुडीची पातळी दिलेली असते. ५ मीटर ही इशारा पातळी, ७ मीटर ही धोका पातळी. काठावर फिरणाऱ्याने हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत. पातळी ५ मीटरकडे सरकू लागली की त्या दिवसापुरती काठाची वाट सोडून द्यायची. पाणी अजून वाटेवर आलेले नाही, मग काय हरकत आहे, हा विचार इथे धोक्याचा आहे. डोंगर जवळ असलेल्या नदीत ‘अजून आलेले नाही’ आणि ‘आले’ यांत फार वेळ जात नाही.

पाऊस हे अर्धे गणित झाले. उरलेले अर्धे भरतीचे. समुद्राला भरती असली की खाडीतले पाणी मोकळे होत नाही आणि वरून आलेला लोंढा तुंबतो. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ काढायला एक सोपी रीत वापरतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. हे गणित समुद्रकिनाऱ्याचे आहे. खाडीतून वर चढत यायला पाण्याला आणखी वेळ लागतो. पण कोणत्या दिवशी जास्त सावध राहायचे, हे कॅलेंडरवरच्या तिथीवरून कुणालाही कळते. २२ जुलै २०२१ ला खेड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. घाटात अतिवृष्टी आणि खाली उधाणाचे दिवस एकत्र आले की काय होते, ते त्या दिवशी सगळ्यांनी सोसले.

पुण्याशी तुलना केली तर फरक कळतो. तिथे मुठेच्या पात्रातला रस्ता आणि बाबा भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, पण त्याआधी खडकवासला धरणातून किती पाणी सोडणार हे जाहीर होते आणि रस्ता बंद करायला वेळ मिळतो. खेडला पूर प्रामुख्याने पावसाचाच आहे. इथे वाट बंद करण्याची व्यवस्था वाटेवरच हवी: दोन्ही टोकांना आडवे टाकायचे दांडे, पाण्याच्या पातळीचे ठळक रंगवलेले खांब, आणि दांडा कुणी टाकायचा याचे नेमून दिलेले काम.

आता वाट नेमकी कुठे घालायची? जलसंपदा खाते नदीच्या दोन्ही काठांवर दोन पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामाला निषिद्ध. बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर तिथे चालतो. म्हणजे काठाची वाट सहसा याच पट्ट्यात येते, आणि ती बुडणार हे गृहीत धरूनच घालावी लागते. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ मात्र नीट लावावा. आज असा पूर येऊन गेला तर पुढची २४ वर्षे निर्धास्त, असे नसते. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार. अशी पंचवीस वर्षे धरली, तर त्या काळात एकदा तरी तो येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट भरते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नदीला दोन्हीकडून उंच भिंत बांधून तिच्या माथ्यावर वाट नेऊ नये. भिंतीने पात्र आवळले की तेवढेच पाणी अरुंद जागेतून जायला अधिक उंच होते आणि समोरच्या काठाला किंवा खालच्या वाडीला त्याची किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा दोन टप्पे करावेत. खालची वाट पाण्याजवळ, साधी, पावसाळ्यात नदीला सोडून द्यायची. वरची वाट बाजारपेठेच्या अंगाने, बारमाही. दोन्हींना जोडणारे उतार मात्र मनापासून बांधायला हवेत. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार म्हणजे १२ मीटर लांबीला १ मीटर चढ. तीन मीटर खाली उतरायचे तर ३६ मीटर लांबीचा उतार, आणि मध्ये विसाव्याला सपाट टप्पे. जागा नाही म्हणून नुसता जिना बांधला की म्हातारी माणसे, बाळाची गाडी आणि सायकल, तिन्ही वरच राहतात. जिनाच करावा लागला, तर कडेने सायकलचे चाक जाईल अशी पन्हळ ठेवता येते.

खालच्या वाटेचा पृष्ठभाग कशाचा, यावर बहुतेक ठिकाणी चुकते. डांबर साचलेल्या पाण्यात टिकत नाही. खडीवरची पकड सुटते आणि खड्डे पडतात. पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पण ते वाळूच्या थरावर बसवलेले असतात. पुराने वाळू धुऊन नेली की ब्लॉक उचकटतात, आणि एक उचकटला की शेजारचेही हलतात. जांभा इथलाच, सुंदर, पण सच्छिद्र; ओल धरतो आणि शेवाळाने निसरडा होतो. बुडणाऱ्या वाटेला जागेवर ओतलेले काँक्रीट सर्वांत बरे. ते ओले असतानाच ब्रशने आडव्या बारीक रेघा ओढाव्यात, म्हणजे पायाला आणि टायरला पकड मिळते. गुळगुळीत घोटलेले काँक्रीट पहिल्या पावसात माणसे पाडते. शंभराला दोन इतका आडवा उतार नदीच्या बाजूला द्यावा. तीन मीटर रुंद वाटेला तो सहा सेंटिमीटर होतो. चालताना जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही.

वाट खचते ती वरून नव्हे, खालून. पूर ओसरताना काठातली माती पाण्याबरोबर निघून जाते, स्लॅब अधांतरी राहतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. त्यासाठी नदीकडच्या बाजूला जाळीत भरलेल्या दगडांचा पायथा चांगला. पाणी त्यातून आरपार जाते आणि जमीन थोडी खचली तरी तो न फुटता वाकतो. त्याच्या जोडीला करंज, उंबर, वाळुंज यांची मुळे. ही झाडे पाण्यात उभी राहायला सरावलेली आहेत. काठ नवा करताना ती तोडून शोभेची रोपे लावणे, हे मला सगळ्यांत जास्त खटकते.

कठडा पक्का बसवला तर पुरात त्याला ओंडके, पालापाचोळा, प्लॅस्टिक अडकते, त्याचा बांध होतो आणि शेवटी कठडा वाटेचा तुकडा घेऊनच जातो. जूनआधी काढून ठेवता येईल असा कठडा करावा. दिव्यांच्या पेट्या लाल रेषेच्या वर. आणि पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून काढावा. वाळला की तो दगडासारखा बसतो आणि पुढे महिनाभर धूळ उडत राहते.

वाट तयार झाली की ती वाटून घेण्याचा प्रश्न येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात नुसत्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. सायकली आणि पादचारी एकाच वाटेवर असतील तर तीन मीटरच्या खाली येऊ नये: जोडीने चालणाऱ्या दोघांना दीड मीटर, शेजारून जाणाऱ्या सायकलला डुलण्यासह एक मीटर, आणि मधले अंतर.

वेगाचा हिशोब करून पाहा. चालणारा ताशी ५ किलोमीटर, सायकलस्वार ताशी १५. दोघांमधले अंतर दर सेकंदाला २.८ मीटरने कमी होते. वीस मीटर मागून घंटी वाजवली तर चालणाऱ्याला बाजूला व्हायला सात सेकंद मिळतात. वयस्कर माणसाला तेवढे पुरतात. ताशी २५ ने आलात तर साडेतीन सेकंदच उरतात, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर पावणेतीन पट होते. म्हणून अशा वाटेवर १५ ची मर्यादा ठेवावी आणि ज्याला जोरात चालवायची त्याने दुसरा रस्ता धरावा. सगळ्यांनी डावीकडून चालायचे, सायकलने उजव्या अंगाने पुढे जायचे. घंटीबरोबर ‘काका, उजवीकडून येतोय’ एवढे शब्द तोंडाने म्हटले तर माणूस दचकत नाही. काठावर पाग टाकणारे, गुरे पाण्यावर नेणारे, गणपती विसर्जनाला उतरणारे यांचा हक्क वाटेपेक्षा जुना आहे. पाणवठ्यापाशी सायकलवरून उतरून चालत जावे.

खेडच्या काठाची आणखी एक बाब टाळून चालणार नाही. जगबुडीत मगरींचा वावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण आहे. हिवाळ्यात सकाळी त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठच्या मातीत अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. म्हणून वाट आणि पाणी यांमध्ये झाडीचा पट्टा राखावा, काठ सलग काँक्रीटने बंद करू नये. झुंजुमुंजू असताना किंवा तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला वाकून बसू नये, आणि कोंबडीचे, मासळीचे अवशेष काठावर मुळीच टाकू नयेत. मगर त्या वासावर येते.

पावसाळ्यानंतरच्या गाळातून लेप्टोची भीती असते. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका, आणि उतरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना गाळाचे आवर्जून सांगा. सायकल गाळातून आली असेल तर त्याच दिवशी साखळी आणि ब्रेक धुऊन, कोरडे करून साखळीला तेल द्यावे. फिरायला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून मात्र सूर्य वर येण्याआधी परत फिरावे.

वाट भरणे नाक्याच्या बाजूला नेली तर मुंबई-गोवा महामार्गाशी गाठ पडते. तिथला जगबुडीवरचा जुना पूल महापुरात वाहतुकीला बंद करावा लागे. १९ मार्च २०१३ ला त्यावरून एक खासगी बस नदीत कोसळून ३७ माणसे गेली. महामार्गाच्या पुलावर सायकल आणि पादचारी यांना वाहनांमध्ये सोडणे मला मान्य नाही. काठाची वाट पुलाखालून नेता येते. तोच मार्ग आखावा.

खेडकरांना एकच विनंती. २००५ किंवा २०२१ चे पाणी तुमच्या घराच्या, दुकानाच्या भिंतीवर कुठवर चढले होते, ती खूण अजून असेल तर रंग देताना पुसू नका. तिच्याशेजारी तारीख लिहून ठेवा, फोटो काढा, आणि उद्या नगरपरिषदेने काठाच्या वाटेची मोजणी सुरू केली तर मोजणाऱ्याला घरी बोलावून ती दाखवा.