मार्को पोलो एकटा नव्हता

मार्को पोलोने चीनहून शेवया आणल्या आणि त्यातून इटलीचा पास्ता जन्मला, ही गोष्ट आजही खात्रीने सांगितली जाते. ती लोकप्रिय केली १९२९ साली, अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या व्यवसायपत्रिकेने. मुळात ११५४ मध्ये, मार्कोच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी, अरब भूगोलकार अल-इद्रिसीने सिसिलीत शेवया तयार होतात आणि जहाजांतून बाहेरगावी जातात, असं लिहून ठेवलं होतं. मार्को व्हेनिसला परतला तो १२९५ मध्ये.

याहून पक्का रुजलेला समज म्हणजे पूर्वेकडे जाणारा तो पहिला युरोपीय. त्याचे वडील निकोलो आणि काका माफेओ हे दोघं व्यापारीच त्याच्याआधी कुब्लाई खानाला भेटून आले होते. त्यांच्याही आधी, १२५४ मध्ये, विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू मंगोलांच्या काराकोरम या राजधानीत पोहोचला. तिथे त्याला भेटला पॅरिसचा एक सोनार, गियोम बुशे. या सोनाराने तेव्हाच्या खानासाठी चांदीचं झाड घडवलं होतं आणि त्यातून चार नळ्यांवाटे चार प्रकारची पेयं वाहत. युद्धकैदी, कारागीर, दुभाषे, धर्मगुरू, व्यापारी अशी माणसं त्या काळी हजारो मैल सरकत होती. मार्को त्यांतला एक. त्याचं वेगळेपण एवढंच की १२९८ च्या सुमारास जिनोआच्या तुरुंगात त्याला रुस्तिकेल्लो हा लेखक सोबती मिळाला आणि त्याने सांगितलेलं कागदावर उतरलं.

मग तो चीनला गेलाच नव्हता का? चिनी भिंत, चहा, स्त्रियांचे बांधलेले पाय यांचा ग्रंथात उल्लेख नाही, म्हणून १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड यांनी ही शंका पुस्तकरूपाने मांडली. शंका रास्त होती, पण टिकत नाही. आज दिसणारी भिंत बहुतांशी मिंग काळातली, म्हणजे मार्कोच्या नंतरची. उलट तुतीच्या सालीपासून होणारा नोटांचा कागद, मिठावरचा महसूल, कोणत्या प्रांतात कोणतं चलन चालतं, याचे त्याने दिलेले तपशील चिनी नोंदींशी जुळतात. इराणला राजकन्या कोकाचिनला पोहोचवायला निघालेल्या तीन दूतांची नावं मार्कोने दिली आहेत. १९४१ मध्ये यांग चिजिउ या अभ्यासकाला तीच तीन नावं १२९० च्या एका चिनी सरकारी कागदात सापडली. घरी बसून ऐकीव माहितीवर इतकं अचूक लिहिणं अवघड आहे. तो यांगचौ शहराचा कारभारी होता, हा ग्रंथातला दावा मात्र कोणत्याही चिनी कागदपत्रात आढळत नाही. तो बाजूला ठेवलेलाच बरा.

रेशीम मार्ग म्हटलं की चीनहून निघून थेट व्हेनिसला पोहोचणारा एकच उंटांचा तांडा डोळ्यांपुढे येतो. तसं सहसा घडत नसे. माल टप्प्याटप्प्याने हात बदलत जाई. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीत काम करणाऱ्या पेगोलोत्तीने १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिचा सल्ला अगदी व्यवहारी आहे: दाढी वाढवा, दुभाष्याच्या पगारात कंजुषी करू नका. अझोव्ह समुद्रावरच्या तानाहून अस्त्राखानपर्यंत बैलगाडीने पंचवीस दिवस, घोडागाडीने दहा-बारा. चीनमध्ये चांदी जमा करून घेतात आणि कागदी नोटा देतात. स्वतः पेगोलोत्ती तिकडे कधी गेला नव्हता. जाऊन आलेल्यांकडून ऐकून हे लिहिता आलं, यावरूनच वर्दळ किती असेल ते कळतं. यांगचौमध्ये तर १३४२ मध्ये वारलेल्या कातेरिना या इटालियन व्यापाऱ्याच्या मुलीच्या थडग्याचा दगडच मिळाला आहे.

आणि मार्कोचा परतीचा प्रवास? तो बराचसा समुद्रावरून झाला. मार्कोच्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ठाणे हे मोठं राज्य म्हणून येतं. कमावलेलं कातडं, सुती कापड, तपकिरी धूप हा तिथला माल. तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, असंही तो सांगतो: लुटलेल्या जहाजांवरचे घोडे राजाचे, बाकी सगळा माल चाच्यांचा.