तितू कुसीची कैफियत

मागच्या भागात आपण इन्का सम्राट अताहुआल्पाच्या वधापर्यंत आलो होतो. १५३३ साली काहामार्कात त्याचा गळा आवळला गेला आणि तिथेच इन्का राज्य संपलं, असं सांगून बरीच पुस्तकं पुढे सरकतात. पण अँडीज उतरून अॅमेझॉनच्या जंगलाकडे जाणाऱ्या बिकट मुलखात, विल्काबाम्बाला, इन्कांची स्वतंत्र गादी १५७२ पर्यंत टिकली. त्या गादीवर चौघे बसले. आजचा भाग त्यांतल्या तिसऱ्याचा, तितू कुसी युपांकीचा.

त्याचे वडील मांको इन्का. मांकोला गादीवर बसवलं होतं स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोनेच; नाव इन्काचं आणि हुकूम आपला, हा त्याचा बेत. पुढे पिझारोच्या भावांनी सोन्याच्या हव्यासापायी मांकोला साखळदंडांत ठेवलं, त्यांतल्या गोन्सालोने तर त्याची राणीच मागितली. १५३६ मध्ये मांको निसटला आणि प्रचंड फौज जमवून त्याने कुस्कोला वेढा घातला. शहर हाती आलं नाही, तेव्हा तो विल्काबाम्बाकडे हटला. १५३७ च्या एका स्पॅनिश छाप्यात छोटा तितू कुसी पकडला गेला आणि काही वर्षं कुस्कोत एका स्पॅनिश घरात राहिला. वडिलांकडे तो परतला खरा, पण मांकोने आसरा दिलेल्या परागंदा स्पॅनिश सैनिकांनी एके दिवशी खेळ रंगात असताना मांकोलाच भोसकलं. मुलगा तिथेच होता. त्याच्यावरही भाला फेकला गेला, पाय जखमी झाला, झाडीत शिरून तो वाचला.

हे आपल्याला कळतं ते त्याच्याच तोंडून. १५६० च्या सुमारास गादीवर आल्यावर त्याने दशकभर स्पॅनिशांना झुलवत ठेवलं. कधी छापे, कधी बोलणी. १५६६ मध्ये तह, १५६८ मध्ये बाप्तिस्मा आणि ‘दिएगो दे कास्त्रो’ हे नवं नाव. याला शरणागती म्हणणं मला पटत नाही. दोन पाद्र्यांना त्याने राज्यात येऊ दिलं, पण जुनी पूजाअर्चा चालूच राहिली.

आणि १५७० मध्ये त्याने आपली कैफियत लिहवून घेतली. तो क्वेचुआत बोलला, मार्कोस गार्सिया या पाद्र्याने ते स्पॅनिशमध्ये घातलं, मार्तिन पांदो या मेस्तिसो (मिश्रवंशीय) कारभाऱ्याने कागदावर उतरवलं. पेरूचा मावळता गव्हर्नर लोपे गार्सिया दे कास्त्रो स्पेनला निघाला होता. त्याने हे राजा दुसऱ्या फिलिपसमोर मांडावं, ही विनंती. परके लोक प्रथम आले तेव्हा ते पांढऱ्या फडक्यांशी एकटेच बोलत बसतात, अशी बातमी इन्कांच्या कानी आली होती, असं याच कैफियतीत आहे. ती फडकी म्हणजे कागद. त्याच कागदावर आता इन्का राजा आपला दावा मांडत होता.

दावा मांडणाऱ्याचं सगळंच निखळ नसतं, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागते. अताहुआल्पाला तो औरस मानत नाही, मांकोला खरा वारस ठरवतो आणि स्वतःचा हक्कही त्यातूनच काढतो. स्वतःच्या भावांपुढे त्याचा हक्क तितका भक्कम नव्हता.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटतं ते मांकोचं निरोपाचं भाषण. जबरदस्ती झालीच तर वरवर त्यांच्या देवाला मान द्या, पण आपले विधी सोडू नका, असं मांको आपल्या लोकांना बजावतो. हे वाक्य भाषांतरित करतो आहे एक कॅथलिक पाद्री, आणि ते जाणार आहे युरोपातल्या सर्वांत कट्टर कॅथलिक राजाकडे! तितू कुसीला याचं भान नसेल, हे मानायला मी तयार नाही. बळाने लादलेला धर्म किती खोल जातो, हे त्याने राजालाच सांगून टाकलं, आणि तेही अर्जाच्या अदबशीर भाषेत. पिझारोच्या बाजूने लिहिलेल्या बखरींत या घटना वाचल्यावर इथे त्यांचं दुसरं अंग दिसतं: करार कोणी मोडला, खंडणी किती वेळा घेतली, स्त्रियांवर कोणी हात टाकला.

१५७१ मध्ये तितू कुसी अचानक आजारी पडून वारला. विषाचा संशय दुसरा पाद्री दिएगो ओर्तिस याच्यावर आला. लोकांनी त्याला हालहाल करून मारलं, पांदोलाही ठार केलं. वाटाघाटी जाणणारा राजा आणि त्याची लेखणी चालवणारा कारभारी, दोघेही एकदमच गेले. धाकटा भाऊ तुपाक अमारू गादीवर आला तेव्हा पेरूत फ्रान्सिस्को दे तोलेदो हा नवा व्हाइसरॉय होता आणि त्याला विल्काबाम्बा कायमचं संपवायचं होतं. त्या मोहिमेबद्दल पुढच्या भागात.