सुटे पार्ट घेऊन कॉम्प्युटर जोडताय? आधी सॉकेट जुळतंय का बघा!

मुलांचा अभ्यास असो, ऑनलाइन सेवा केंद्र असो की झेरॉक्सचं दुकान, अनेकजण सुटे पार्ट घेऊन डेस्कटॉप जोडून घेतात. त्यात बजेट हातात राहतं आणि पुढे एकेक पार्ट बदलताही येतो. पण एक पार्ट दुसऱ्याला बसला नाही, तर शहराला हेलपाटे होतात. वर खोकं फोडलेला माल दुकानदार परत घेईलच असं नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड
ही जोडी पहिली ठरवावी. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या जनरेशनला एलजीए १७०० सॉकेट लागतं. एएमडी रायझन ५००० मालिकेला एएम४, तर ७००० आणि ९००० मालिकेला एएम५. इंटेलच्या बोर्डवर एएमडीचा प्रोसेसर बसतच नाही. सॉकेट जुळूनही कधी डिस्प्ले येत नाही. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असला की असं होऊ शकतं. अशा वेळी बायोस अपडेट करावं लागतं. ते दुकानातच करून घ्यावं.

रॅम
डीडीआर४ आणि डीडीआर५ लांबीला सारख्याच दिसतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला तर स्लॉट मोडेल. एएम५ बोर्डला डीडीआर५च लागते. एलजीए १७०० मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून बोर्डच्या खोक्यावर वाचूनच रॅम घ्यावी.

‘एफ’ अक्षराकडे लक्ष
आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आतच असतं, आय५-१२४००एफ मध्ये नसतं. ‘एफ’वाला स्वस्त म्हणून घेतला, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीत रायझन ५ ५६०० चंही तसंच आहे. ५६००जी मध्ये ग्राफिक्स असतं.

एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट
एम.२ एसएसडी दोन प्रकारची असते: साटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉटमध्ये फक्त एनव्हीएमईच चालते. एसएमपीएसवर पैसे वाचवू नयेत. तो खराब निघाला तर बाकीचे पार्टही घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा साध्या कामाला पुरतो. कार्ड असेल तर त्याच्या खोक्यावर लिहिलेले वॅट बघावेत. मोठा एटीएक्स बोर्ड छोट्या कॅबिनेटमध्ये मावत नाही, मायक्रो एटीएक्स मात्र मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो.

स्वस्तातला ‘आय५’
‘आय५’ एवढं ऐकून भुलू नये, जनरेशन विचारावी. एच६१ बोर्डवर बसणारा तिसऱ्या जनरेशनचा आय५ २०१२ सालचा आहे. त्याला डीडीआर३ रॅम लागते आणि विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही; त्यासाठी इंटेलची किमान ८वी जनरेशन हवी. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

बिल घेताना
‘कॉम्प्युटर सेट’ असं एका ओळीचं बिल घेऊ नये. प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्यावी. सगळे पार्ट एकाच दुकानातून घेऊन, तिथेच जोडून, चालू करून बघितलेले बरे.